टाचेखालचा सरवा

संपतराव टेमगिरे प्रगतशील शेतकरी होते. त्यांच्या बंगल्याच्या फाटकावर तसं संगमरवरात कोरलेलंच होतं, त्यामुळे शंका घ्यायला जागा नव्हती. पठारावर बटाट्याला ठिबक पहिल्यांदा त्यांनी आणलं. फवारणीचं ड्रोन पहिल्यांदा त्यांनी उडवलं, आणि त्या ड्रोनच्या औषधाने शेजारच्या मधमाश्या मेल्या तेव्हा प्रगतीसाठी त्याग करावा लागतो, हे भाषणही पहिल्यांदा त्यांनीच केलं. त्याग शेजाऱ्याने केला.

सन दोन हजार सदतीसच्या खरिपात त्यांनी पठारावर 'निःशेष' आणायचं ठरवलं.

निःशेष हे बटाटे काढणारं यंत्र. नाव कंपनीने ठेवलेलं. बटाटे वेचणाऱ्या बायकांनी त्याला पहिल्याच दिवशी घूस म्हटलं, कारण ते जमिनीत तोंड खुपसून चालायचं आणि मागे काही ठेवायचं नाही.

ही बाब नीट कळायला आधी पठारावरची रीत कळायला हवी. बटाट्याची काढणी म्हणजे पुढे नांगर. नांगर सरी उलथत जातो आणि मागून बायका उघडे पडलेले बटाटे पाटीत वेचत जातात. या बायका पठारावरच्या नव्हेत. पश्चिमेच्या डोंगरखोऱ्यातून, भाताची लावणी उरकून आणि कापणी यायच्या आत, त्यांच्या टोळ्या येतात, मालकाच्या गोठ्यात राहतात, रोजावर काम करतात आणि परत जातात. रान वेचून झालं, माल आरणीत, म्हणजे वर पाचट पसरलेल्या ढिगात, जाऊन पडला, की मालकाने बांधावर उभं राहून मोठ्याने म्हणायचं, "रान मोकळं."

या दोन शब्दांनंतर मातीत जे राहिलं असेल, ते ज्याच्या हाताला लागेल त्याचं. त्याला सरवा म्हणतात. सरवा वेचायला यायच्या त्या म्हाताऱ्या, दिवस भरत आलेल्या पोरी, हात मोडून बसलेला एखादा गडी. ज्यांना रोजाने कुणी बोलावत नाही, अशी माणसं.

टेमगिऱ्यांच्या रानात वर्षानुवर्षं येणाऱ्या टोळीची म्होरकी मथुरा गवारी. पंचेचाळिशीची, बोलायला कमी, हाताला जलद. तिच्याबरोबर तिची सासू ठकूबाई यायची. ठकूबाईच्या पाठीला कधीचाच बाक आला होता, रोजाचं काम तिला होत नसे. ती बांधावर खुरपं मांडीवर घेऊन बसायची आणि रान मोकळं व्हायची वाट बघायची.

मुलगा गेला त्या वर्षी ठकूबाईने सुनेला सांगितलं होतं, "तुझ्या एकटीच्या कष्टावर दोन ताटं नकोत. भात तुझा, बटाटा माझा." तेव्हापासून घरात तसंच चालू होतं. सरव्याच्या बटाट्यांची गोणी शिमग्यापर्यंत पुरायची, आणि तोवर ठकूबाई ताठ मानेने जेवायची. पुढचे काही महिने ती मागल्या परसातल्या अळवावर आणि रानातल्या कंदांवर काढायची, पण सुनेने आपल्याला पोसलं, असं म्हणायची वेळ तिने कुणावर आणली नव्हती.

आता यातली आतली गोष्ट.

वेचता वेचता एखादा चांगला, मुठीत न मावणारा बटाटा दिसला की बाई पाऊल पुढे टाकायची, टाच नेमकी त्यावर यायची आणि नांगराने भुसभुशीत केलेल्या मातीत बटाटा वीतभर खाली जायचा. बाई पुढे सरकायची. हे कुणी कुणाला शिकवलं नव्हतं. सगळ्याच करायच्या, आपापल्या म्हातारीसाठी, आणि ज्यांची म्हातारी नव्हती त्या दुसरीच्या म्हातारीसाठी. नियम एकच होता, दुसरीच्या टाचेकडे बघायचं नाही. संपतरावांचे वडील होते तोवर तेही शेवटच्या सरीला बायकांकडे पाठ करून विडी पेटवायचे आणि ती संपेपर्यंत वळायचे नाहीत. ते काही प्रगतशील नव्हते.

मथुराला वाटायचं, आत्याबाईंना यातलं काही ठाऊक नाही. ठकूबाई संध्याकाळी भरलेली ओटी घेऊन गोठ्यात यायची आणि म्हणायची, "तुमच्या जवान डोळ्यांना दिसत न्हाईत. मला दिसत्यात."

"दिसणारच की," मथुरा म्हणायची.

*

यंत्राच्या प्रात्यक्षिकाला मंडप घातला होता. कंपनीकडून शाल्मली मॅडम आल्या होत्या. त्यांनी माइकवरून विज्ञान समजावलं, आणि ते त्यांनी चांगलं समजावलं, हे मान्य करायला हवं.

मातीत रेडिओच्या लहरी सोडायच्या. वाटेत वेगळं काही लागलं की लहर उलटते. दगड, मूळ, बटाटा, प्रत्येकाची उलटायची तऱ्हा वेगळी. आजवर अडचण अशी होती की बटाटा म्हणजे बहुतेक पाणीच, आणि पावसानंतरची मातीही पाण्याने भरलेली, मग पाण्यात पाणी ओळखायचं कसं? निःशेषने ते ओळखलं. मातीतलं पाणी कणांच्या फटीत मोकळं असतं, बटाट्यातलं पाणी पेशींच्या पिशव्यांत कोंडलेलं असतं. वेगवेगळ्या लांबीच्या लहरी सोडल्या तर ही दोन पाणी वेगवेगळं उत्तर देतात. यंत्र क्षणात अशी हजारो उत्तरं ऐकतं, त्यांचं चित्र जुळवतं, आणि ज्या जागी बटाटा आहे तिथे हवेने फुगवलेली रबराची बोटं खाली घालतं. साल खरचटत नाही. वर आलेला बटाटा तिथल्या तिथे ब्रशने साफ होतो, तोलला जातो आणि प्रतीप्रमाणे वेगळ्या कप्प्यात पडतो.

"सोनोग्राफीच झाली की ही," टोळीतली बायडा म्हणाली. बायडा अंगाने भरलेली आणि तोंडाने मोकळी होती. "जमीन पोटुशी हाय का बघायची."

"आणि पोरगं लगेच हातात," दुसरी म्हणाली.

मग मॅडमनी जे सांगितलं, तिथे खरं बिनसलं. रानाचा अर्धा भाग यंत्र काढणार होतं, अर्धा या बायका. मॅडम म्हणाल्या, "आमच्या पाहणीप्रमाणे हाताच्या वेचणीत शंभरातले चार बटाटे मातीतच राहतात. यात या ताईंचा दोष नाही. माणसाच्या डोळ्यांना मर्यादा असतात. आपण त्यांना समजून घेतलं पाहिजे."

मंडपातल्या खुर्च्यांनी सहानुभूतीने माना हलवल्या.

कुणी आळशी म्हटलं असतं तर बायका हसल्या असत्या. कामचोर म्हटलं असतं तर बायडाने दोन शब्द सुनावून विषय संपवला असता. पण समजून घेतल्यावर काय करायचं, हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं.

"आपल्या डोळ्याला मर्यादा म्हंती," बायडा पदर खोचत म्हणाली. "हिला आज रान दाखवू. काय गं मथे?"

मथुरानेही पदर खोचला.

त्या दिवशी त्यांनी जसं वेचलं, तसं पठाराने कधी बघितलं नसेल. एकमेकींशी बोलणं नाही, पाणी नाही, तंबाखूची मशेरी नाही. ढेकूळ फोडून बघितलं, सरीची कड हाताने उकरून बघितली. घूस शेजारच्या पट्ट्यात गुरगुरत होती. मधेच एकदा मथुराच्या पायाशी मोठा, देखणा बटाटा आला. सवयीने टाच उचलली गेली. मथुराने बांधाकडे बघितलं. ठकूबाई खुरपं मांडीवर घेऊन बसली होती. मग तिने मंडपाकडे बघितलं. मॅडम हातातल्या पंख्याने वारा घेत होत्या आणि तिच्याकडे बघून समजूतदारपणे हसल्या.

मथुराने वाकून बटाटा उचलला आणि पाटीत टाकला.

संध्याकाळी घूस दोन्ही पट्ट्यांवरून नुसती लहरी सोडत फिरली आणि मंडपातल्या पडद्यावर जमिनीच्या आतलं चित्र आलं. राहिलेला बटाटा म्हणजे एक उजळ ठिपका, असं मॅडमनी सांगून ठेवलं होतं. यंत्राच्या पट्ट्यात इथे तिथे ठिपके चमकत होते, कापले गेलेले, दगडाआड लपलेले. बायकांचा पट्टा या टोकापासून त्या टोकापर्यंत काळा होता. अमावस्येचं ढगाळ आभाळ पालथं घालावं तसा.

बायकांनी टाळ्या वाजवल्या. बायडाने तर मॅडमच्या टेबलावर हात आपटून विचारलं, "दिसतंय का? का डोळ्याला मर्यादा हाय?" मॅडम गोंधळल्या. पाहणीचा आकडा कुठेतरी चुकला असावा, असं त्या शेजारच्या साहेबांना सांगत होत्या. सगळ्या बायकांना एकेक टॉवेल आणि स्टीलचा डबा देण्यात आला.

संपतरावांना मात्र आकडा चुकल्यासारखं वाटलं नाही. काही झालं तरी ते शेतकऱ्याच्या पोटचे होते. मंडप रिकामा झाल्यावर ते गोठ्याशी आले.

"मथुराबाई, आज रान स्वच्छ निघालं."

"व्हय, आबा," मथुरा म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर अजून दिवसाचा तोरा होता.

"म्हणजे निघतं," संपतराव म्हणाले.

ते एवढंच बोलले आणि थोडा वेळ तिच्या पायांकडे बघत उभे राहिले. मथुराने पाय साडीखाली ओढून घेतले. बायडाच्या हातातला डबा तसाच राहिला. वळताना संपतराव म्हणाले, "सकाळी गाडी सांगतो तुम्हाला स्टँडपर्यंत." त्या दिवशी बांधावर उभं राहून रान मोकळं असं ते म्हणाले नाहीत. तसंही मोकळं करायला त्यात काही उरलं नव्हतं.

ठकूबाई रिकामं खुरपं घेऊन आली. "आज काय झालं गं तुम्हाला?" तिने विचारलं.

बायडाने डबा टॉवेलाखाली सारला.

*

आठवड्याभरात यंत्र विकत घेतलं गेलं आणि वर्षाच्या आत पठारावर घुशी घुशी झाल्या. टोळ्यांना कुणी निरोप धाडले नाहीत. ज्या आपणहून आल्या त्या फाटकावरून परत गेल्या. खोऱ्यातल्या बायका मग मिळेल ते करू लागल्या. कुणी धरणाच्या कडेला नव्याने उगवलेल्या हॉटेलांत खोल्या झाडायला लागली, कुणी रोपवाटिकेत पिशव्या भरायला. मथुराला रोपवाटिका मिळाली. दोन माणसांचं भागेल इतकं तिला मिळत होतं. प्रश्न तो नव्हताच.

प्रश्न असा होता की ठकूबाई जेवत नव्हती.

तिने उपास धरला, असं नाही. ती ताटावर बसायची. चिमणीला घालतात तेवढा भात कालवायची, खायची आणि उठायची. "भूक न्हाई," म्हणायची. मथुराने बाजारातून बटाटे आणले, रस्सा केला. ठकूबाईने वाटी बाजूला सारली.

"आत्याबाई, खावा की."

"ह्यो तुझा बटाटा."

"माझा काय आन तुमचा काय?"

"भात तुझा, बटाटा माझा, असं ठरलंय आपलं. माझा ह्या साली आला न्हाई."

मथुरा चिडली, रडली, शेजारणीला मधे घातलं. वैद्यकीय अधिकारी आले, त्यांनी वयोमान असं निदान केलं आणि गोळ्या दिल्या. गोळ्या ठकूबाईने आनंदाने घेतल्या, कारण त्या सरकारच्या होत्या. तिच्या हातातल्या बांगड्या मनगटावरून कोपरापर्यंत सरकायला लागल्या. पुढचा पावसाळा आला तेव्हा मथुराला कळून चुकलं होतं की आणखी एक हिवाळा असा गेला तर म्हातारी राहणार नाही. आणि हे सगळं एका बटाट्यापाशी येऊन थांबत होतं, जो तिने उचलला होता. बाई पंख्याने वारा घेत हसली म्हणून उचलला होता.

*

इकडे मोठ्या शहरांतल्या लोकांना वाईट वाटू लागलं होतं. ही त्यांची जुनीच आवड. कुणीतरी यंत्रावर आणि सरव्यावर दोनेक मिनिटांची चित्रफीत केली, मागे बासरी लावली, आणि पठाराच्या बटाट्याचे वेफर्स खाता खाता लोकांचे डोळे भरून आले. वेफर्स खाणं त्यांनी सोडलं नाही. त्यांना फक्त बरं वाटून खायचं होतं. कंपनीने ही गरज ओळखली. पाकिटावर हिरवा शिक्का आला, 'सरवा-स्नेही', त्यात वाकलेल्या म्हातारीचं चित्र, आणि ते पाकीट जास्त दराने खपू लागलं.

शिक्का द्यायचा तर सरवा हवा. म्हणून निःशेषमध्ये नवी सोय आली. यंत्र आता रानातला शेवटचा बटाटाही काढायचं, घासून, तोलून, प्रत ठरवायचं, आणि मग त्यातले काही निवडून रबरी बोटांनी परत मातीत पुरायचं. ओळीने नव्हे, विस्कटून. ओळीने पुरले तर म्हातारीला शंका येईल, आणि शंका आलेली म्हातारी चित्रीकरणात चांगली दिसत नाही. कुठला बटाटा कुठे, किती खोल, तो कुणी कधी काढला, हे सगळं वरून ड्रोन टिपणार होतं.

शाल्मली मॅडम मथुराला शोधत खोऱ्यात आल्या. एका वर्षात त्या सामाजिक परिणाम अधिकारी झाल्या होत्या.

"ताई, तुम्ही आमच्या सरवा-सखी व्हायचं," त्या म्हणाल्या. "खोऱ्यातल्या आज्ज्यांना आणायचं, त्यांना हवं नको बघायचं. आम्हाला त्यांची परंपरा त्यांना परत द्यायची आहे."

"नेली कुणी व्हती?" मथुराने विचारलं.

मॅडम हसल्या. त्यांना ही बाई फार आवडली, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. त्यांनी पिशवीतून जांभळा कोट काढला. पाठीवर शिक्क्यातली म्हातारी छापलेली होती.

मथुराने कोट हातात घेतला. तो उलटसुलट करून बघत ती म्हणाली, "एक हाय. माझ्या सासूला कळता कामा न्हाई, यंत्रानं पुरल्यात म्हणून."

"अर्थातच," मॅडम म्हणाल्या. "आम्हालाही नैसर्गिक आनंदच हवाय."

घरी येऊन मथुराने कोट फडताळात कोंबला आणि सासूला सांगितलं, "घूस मोडलीया. टेमगिऱ्यांनी यंदा नांगरानं काढलंय. सरव्याला बोलावलंय."

ठकूबाईने तिच्याकडे बघितलं. "संपत म्हणाला? सवताच्या तोंडानं?"

"म्हणाला."

"मंग खुरप्याला धार लावून ठिव," ठकूबाई म्हणाली, आणि त्या संध्याकाळी तिने नेहमीपेक्षा दोन घास जास्त खाल्ले, येणार असलेल्या बटाट्याच्या भरवशावर.

*

रानाच्या कडेला पुन्हा मंडप होता. फुगे होते, ढोलताशा होता.

"ह्ये कशाला?" ठकूबाईने विचारलं.

"कुणाचा तरी सत्कार हाय," मथुरा म्हणाली. तिने कोट घातलेला होता. कोटाबद्दल सासूने काही विचारलं नाही. पाठीवरची म्हातारी तिला दिसू नये म्हणून मथुरा तिच्याकडे तोंड करून चालत होती.

"बरंय की. मंग जेवणबी आसंल."

संपतराव फेटा बांधून बांधावर उभे राहिले आणि माइकमध्ये म्हणाले, "रान मोकळं." वाऱ्याने आवाज खराब आला म्हणून कॅमेऱ्यावाल्याने त्यांना परत म्हणायला लावलं. मग फेटा जरा मागे घेऊन आणखी एकदा. वडिलांनी आयुष्यभरात जेवढ्या जोरात म्हटलं नसेल तेवढ्या जोरात त्यांनी ते म्हटलं, आणि टाळ्या झाल्या.

म्हाताऱ्या रानात उतरल्या. ड्रोन त्यांच्या डोक्यावर येऊन थांबलं. मथुरा काठावर उभी होती. तिला फक्त एक पाठ दिसत होती, वाकलेली, लुगड्याच्या हिरव्या पट्ट्याची.

ठकूबाईने पहिली जागा उकरली. बटाटा लागला. तिने तो हातात घेतला, अंगठ्याने साल पुसली, नाकाजवळ नेला. ठेवला. दोन पावलांवर दुसरी जागा उकरली. पुन्हा बटाटा, तेवढाच मोठा, तेवढाच गुळगुळीत. ठकूबाई तिथेच मातीत बसली.

"मथे, हिकडं ये."

मथुरा गेली. ठकूबाईने बटाटा तिच्यापुढे धरला.

"ही टाच कुणाची?"

"कसली टाच?"

"तुझी न्हाई. तुझा बटाटा आडवा बसतो. बायडाचा उभा जातो पार खाली, तिचं वजनच तसलं. ह्यो कुणी ठिवला?"

जवळच्या सरीत बायडाची आई उकरत होती. तिने मान फिरवली.

"तुम्हाला ठावं होतं?" मथुराने विचारलं. "समदी वर्षं?"

"डोळे गेल्यात व्हय माझे? नांगरातनं निसटलेला बटाटा येवढाला आसतो का? त्यो आसतो सुपारीयेवढा, न्हाईतर कापलेला."

"मग बोलला न्हाईत कधी."

"बोलले आसते तर तू वाढल्यासारखं झालं आसतं." ठकूबाईने हातातला बटाटा फिरवून बघितला. "तू बघत नव्हतीस. म्या बघत नव्हते. थोरला टेमगिऱ्या विडी वढत हुबा ऱ्हायचा. चाललं होतं."

मग तिने मान वर केली. बाकामुळे तिला तसं करायला मातीत हात टेकावा लागला. ड्रोन तिच्या बरोबर डोक्यावर होतं, त्याचं भिंग उन्हात चमकत होतं.

"आन ह्ये बघतंय," ती म्हणाली. "मगाधरनं बघतंय."

मथुरा तिच्याजवळ वाकली. "आत्याबाई, घ्या हो. चांगलं हायेत. कुणी का ठिवलं आसंना. घरी चला, शिजवून घालते. तुम्हाला काय झालं तर..."

ठकूबाईने तिच्या कोटाची बाही दोन बोटांत धरून कापड चाचपलं, जसं बाजारात चाचपतात. "ऊन लागत आसंल ह्यात," ती म्हणाली. मग खुरप्याचा आधार घेऊन उठली. हातातला बटाटा तिने होता त्या खड्ड्यात ठेवला, वर माती लोटली आणि टाच देऊन दाबला. दुसराही तसाच. मग पुढे सरकली, तिसरी जागा उकरली, बटाटा काढला, बघितला, पुरला, टाच दिली. ती सगळी सरी तिने अशीच पार केली, सवडीने, वाटेत एकदाही वर न बघता.

बाकीच्या म्हाताऱ्यांनी तिच्याकडे बघितलं नाही. नियम त्यांनाही पाठ होता. थोड्या वेळाने बायडाच्या आईचीही टाच मातीत रुतली, मग आणखी एकीची. काहींनी मात्र ओट्या भरून घेतल्या, आणि त्यांच्याकडेही कुणी बघितलं नाही.

शाल्मली मॅडम कॅमेरा घेऊन धावत आल्या. "आजी, कसं वाटलं परत सरवा वेचताना?"

"लई ब्येस," ठकूबाई म्हणाली. "रान भरलेलं हाय."

"हे घ्या, हे घ्या," मॅडम कॅमेऱ्यावाल्याला म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते खरं होतं. खोटं असतं तर माफ तरी करता आलं असतं.

संध्याकाळी लहरींचं चित्र आलं तेव्हा पडद्यावर बरेचसे ठिपके होते तिथेच चमकत होते, काही आणखी वीतभर खाली. मॅडमनी त्यावर अहवाल केला. लाभार्थी महिलांमध्ये बटाट्याची निकड अपेक्षेहून कमी आढळली. त्यांचा आनंद मुख्यतः सहभागाचा होता. सबब पुढील वर्षापासून प्रत्यक्ष बटाटे न पुरता यंदाचंच चित्रीकरण वापरावं. अहवाल वरती फार आवडला. शिक्का पाकिटावर कायम राहिला, आणि शिक्क्यातली म्हातारी वाकलेली. संपतरावांनी दुसऱ्या दिवशी सकाळी घूस पुन्हा रानात घातली आणि सगळे बटाटे काढून घेतले, ठकूबाईच्या टाचेखालचेसुद्धा. माल वाया घालवणाऱ्यांतले ते नव्हते.

जांभळा कोट मथुराने परत केला नाही. तो आता खोऱ्यात तिच्या भाताच्या खाचरात, बुजगावण्याच्या अंगात आहे. पाखरं त्याला भीत नाहीत, पण रंग अजून गेलेला नाही.

*

त्या दिवशी दोघी दिवेलागणीला घरी पोचल्या. मथुराने भात टाकला. घरात होते तेवढे बाजारातले बटाटे चिरून रस्सा केला. दोन ताटं मांडली, स्वतःच्या ताटात वाढलं, सासूच्या ताटात नेहमीचा चिमणीएवढा भात घातला आणि रश्श्याचं पातेलं आपल्या बाजूला ओढून ठेवलं. मागायची, समजवायची ताकद तिच्यात राहिली नव्हती.

ठकूबाई भाताकडे बघत बसली. चुलीत लाकूड तडतडलं.

"वाढ," ती म्हणाली.

मथुराने डाव उचलला आणि तिच्या तोंडाकडे बघितलं.

"बघू नको," ठकूबाई म्हणाली. "तू वाढशील त्ये खाईन, आजच्याधरनं. पर वाढताना माझ्याकडं बघायचं न्हाई."

मथुराने मान फिरवली. अंदाजाने भात वाढला, मग रस्सा, मग पुन्हा भात. थोडा ताटाबाहेर सांडला, तो मागून ठकूबाईने वेचून घेतल्याचं तिला ऐकू आलं. मग बांगड्या वाजल्या, कोपरापासून मनगटापर्यंत आणि परत, एकेका घासाला.

मथुरा चुलीकडे तोंड करून बसली. लाकडं चांगली पेटलेली होती, तरी ती फुंकर घालत राहिली.